पुस्तिका व सूचिपत्रे : कागद व बांधणी

उद्योगसंस्था व व्यापारी पेढ्या आपला माल, सेवा वा कार्य यांची माहिती ग्राहकांना देण्यासाठी जी लहान पुस्तके छापून घेतात, त्यांना सामान्यतः पुस्तिका म्हणतात. मालाचे प्रकार, क्रमांक, आकारमाने, चित्रे व किंमती क्रमवार देणाऱ्या पुस्तिकेस सूचिपत्र अशी संज्ञा आहे. संस्थेची परिचयपुस्तिका, वार्षिक अहवाल, यंत्राची वापर व देखभाल पुस्तिका, सुट्या भागांचे सूचिपत्र, दरपत्रक हे या वर्गातील नेहमीचे प्रकार होत. या सर्वांसाठी कागद व बांधणी यांची निवड हा मुद्रणापूर्वीचा महत्त्वाचा निर्णय असतो. बांधणी ही छपाईनंतरची अखेरची क्रिया असली, तरी तिचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. कारण पृष्ठसंख्या, समास, पृष्ठांची मांडणी, तावाचा आकार व कागदातील तंतूंची दिशा या सर्व गोष्टी बांधणीवर अवलंबून असतात. छपाई पूर्ण झाल्यावर यांपैकी कोणतीही गोष्ट बदलता येत नाही आणि निवडीतील एक चूक आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत उतरते.

इतिहास : मुद्रित सूचिपत्राची परंपरा मुद्रणकलेइतकीच जुनी आहे. व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मॅन्यूशिअस यांनी १४९८ मध्ये आपल्या ग्रीक पुस्तकांची किंमतींसह एकपानी यादी प्रसिद्ध केली होती. टपालाने माल पाठविण्याचा व्यापार वाढल्यावर सूचिपत्रास मोठे स्वरूप आले. अमेरिकेतील शिकागो येथे माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये एका पानाच्या दरपत्रकाने या व्यापारास आरंभ केला; तर सिअर्स-रोबक या संस्थेचे सूचिपत्र १८९५ मध्ये पाचशेहून अधिक पृष्ठांचे झाले होते. एका पानास बांधणी लागत नाही. पाचशे पृष्ठांच्या ग्रंथास मात्र हलका कागद व भक्कम बांधणी या दोन्हींची गरज असते. व्यापारी माहितीच्या पुस्तिकेतून व्यापक वाङ्मयीन कार्य कसे उभे राहते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे ⇨ किर्लोस्करवाडी येथून १९२० मध्ये सुरू झालेले किर्लोस्कर खबर हे नियतकालिक होय. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांना देणे हा त्याचा आरंभीचा हेतू होता. पुढे त्याचेच किर्लोस्कर या मासिकात रूपांतर झाले.

निवडीची तत्त्वे : पुस्तिका कोणी, कोठे व किती काळ वापरावयाची आहे, हे प्रथम ठरवावे लागते. प्रदर्शनात वाटावयाची परिचयपुस्तिका एकदाच चाळली जाते. तिचे मुद्रण आकर्षक व वजन बेताचे असले की पुरे होते. दुकानाच्या मेजावरील सूचिपत्र दिवसातून अनेकदा उघडले जाते. ते सपाट पसरणे व त्याची पाने न सुटणे आवश्यक असते. देखभाल पुस्तिका तेलकट हातांनी हाताळली जाते आणि यंत्र चालू असेपर्यंत, म्हणजे कित्येकदा वीस-तीस वर्षे, टिकावी लागते. दरपत्रक काही महिन्यांतच निरुपयोगी होते. म्हणून त्यावर टिकाऊपणासाठी खर्च करणे व्यर्थ ठरते. उलट किंमती वेगळ्या दरपत्रकात देऊन मुख्य सूचिपत्र किंमतींविना छापल्यास त्याचे आयुष्य वाढते. पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या व त्या पोहोचविण्याचा मार्ग या बाबी त्यानंतर विचारात घेतात.

कागदाचे प्रकार : पुस्तिकांसाठी वापरण्यात येणाऱ्या कागदांचे लेपरहित व लेपयुक्त असे दोन मुख्य वर्ग पडतात. लेपरहित कागदांत मॅपलिथो हा कागद सर्वांत प्रचलित आहे. तो डोळ्यांस सुखद असून त्यावर शाईने वा पेन्सिलीने लिहिता येते. त्यामुळे मजकूरप्रधान पुस्तिका, देखभाल पुस्तिका व मागणीपत्रे यांसाठी तो योग्य ठरतो. लेपयुक्त कागदाच्या पृष्ठभागावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांचा बंधकद्रव्यात कालविलेला थर देऊन तो गुळगुळीत करतात. यास बाजारात आर्ट पेपर म्हणतात. त्याचे चकचकीत व मंद असे दोन प्रकार मिळतात. शाई लेपावरच राहत असल्याने छायाचित्रांतील बारकावे व रंगांची गडदता त्यावर चांगली उमटते.

छायाचित्र छापताना ते बारीक ठिपक्यांत विभागतात. या ठिपक्यांची जाळी किती बारीक ठेवता येईल, हे कागदावर अवलंबून असते. वृत्तपत्री कागदावर दर सेंमी.ला सु. २६ ते ३३ रेषांची, लेपरहित कागदावर सु. ४० ते ५२ रेषांची, तर लेपयुक्त कागदावर सु. ६० ते ७० रेषांची जाळी वापरतात. लेपरहित कागदात शाई शोषली जाऊन ठिपका पसरतो व चित्र काळपट दिसते. म्हणून कागद बदलल्यास चित्रांची पूर्वतयारीही नव्याने करावी लागते. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड परावर्तित होऊन बारीक मजकूर वाचणे त्रासाचे होते; त्यामुळे चित्रे व तक्ते दोन्ही असलेल्या सूचिपत्रास मंद लेपाचा कागद अधिक सोयीचा असतो.

अपारदर्शकता हा कागदाचा दुसरा महत्त्वाचा गुण होय. ती कमी असल्यास मागील पृष्ठावरील मजकूर पुढील पृष्ठावर दिसतो आणि अंकांचे तक्ते वाचताना घोटाळा होतो. कागदाच्या पांढरेपणाचाही रंगांवर परिणाम होतो. अनेक कागदांत शुभ्रता वाढविणारी द्रव्ये घातलेली असतात. त्यांच्यामुळे सूर्यप्रकाशात कागदास निळसर झाक येते व कापड वा रंग यांच्या चित्रांतील छटा बदललेल्या भासतात. यामुळेच भिंतीच्या रंगांच्या छटापत्रकांत प्रत्यक्ष रंग दिलेल्या पट्ट्या व कापडाच्या सूचिपत्रांत प्रत्यक्ष कापडाचे तुकडे चिकटविण्याची पद्धत आहे.

वजन व जाडी : कागदाचे वजन दर चौ. मी.ला ग्रॅममध्ये सांगतात. पुस्तिकांच्या आतील पानांसाठी मॅपलिथो सु. ६० ते १०० ग्रॅ. व आर्ट पेपर सु. ९० ते १७० ग्रॅ. वजनाचा, तर मुखपृष्ठासाठी सु. २१० ते ३०० ग्रॅ. वजनाचा जाड कागद वापरतात. मात्र वजन म्हणजे जाडी नव्हे. लेपयुक्त कागद दाबून घट्ट केलेला असल्याने १३० ग्रॅ. चा चकचकीत कागद व ८० ग्रॅ. चा मॅपलिथो यांची जाडी जवळजवळ सारखीच, म्हणजे सु. ०·१ मिमी. भरते. केवळ अधिक वजनाचा कागद घेतला म्हणून पुस्तिका जाड व भरीव दिसेलच असे नाही.

वजनाचा हिशेब ए ४ आकारात (२१० × २९७ मिमी.) सोपा आहे. या आकाराच्या १६ पानांचे क्षेत्रफळ एक चौ. मी. होते. म्हणून ३२ पृष्ठांच्या, म्हणजेच १६ पानांच्या पुस्तिकेच्या आतील भागाचे वजन कागदाच्या दर चौ. मी. वजनाइतकेच असते : ८० ग्रॅ. कागदावर ८० ग्रॅ. व १३० ग्रॅ. कागदावर १३० ग्रॅ. २५० ग्रॅ. कागदाच्या मुखपृष्ठामुळे त्यात सु. ३१ ग्रॅ. ची भर पडते. पाच हजार प्रती पाठवावयाच्या असल्यास वरील दोन कागदांतील फरक २५० किग्रॅ. इतका होतो. टपालाचा व वाहतुकीचा आकार वजनावर ठरत असल्याने कागदाच्या किंमतीबरोबर हा खर्चही जमेस धरावा लागतो.

तंतुदिशा : यंत्रावर कागद तयार होत असताना त्यातील बहुतेक तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने मांडले जातात. या दिशेस समांतर घातलेली घडी सरळ व स्वच्छ पडते. आडव्या दिशेने घातलेली घडी खडबडीत होऊन लेपयुक्त कागदावर तिला तडे जातात. ओलावा शोषल्यावर तंतू लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात. त्यामुळे कागदाचे प्रसरण व आकुंचन मुख्यतः तंतुदिशेस आडवे होते. यावरून पुस्तिकेतील तंतुदिशा कण्यास समांतर असावी, हा बांधणीतील मूलभूत नियम निघतो. तो पाळल्यास पाने सहज उलटतात व ओलाव्याने होणारा फरक मोकळ्या कडेकडे निघून जातो. तो न पाळल्यास कागद कण्याच्या लांबीत वाढू पाहतो, पण सरस त्यास वाढू देत नाही. परिणामी पाने कण्याजवळ लाटांसारखी उचलतात, पुस्तिका नीट मिटत नाही व सरसाची पकड सुटू लागते.

महाराष्ट्राच्या हवामानात या नियमाचे महत्त्व विशेष आहे. जुलैमध्ये मुंबईची सापेक्ष आर्द्रता सामान्यतः ८० टक्क्यांहून अधिक असते, तर मे महिन्यातील दुपारी नागपूर येथे ती ३० टक्क्यांच्या खाली उतरते. पावसाळ्यात मुंबईस बांधलेले सूचिपत्र विदर्भातील उन्हाळ्यात उघडले जाते, तेव्हा त्यातील कागद आकसलेला असतो. तंतुदिशा योग्य असल्यास हा बदल लक्षातही येत नाही.

तंतुदिशा ओळखण्याच्या पद्धती सोप्या आहेत. तंतुदिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडल्यास वेडावाकडा फाटतो. कागदाचा तुकडा एका बाजूने ओला केल्यास तो वळतो. त्या वळणाचा अक्ष तंतुदिशेस समांतर असतो. एकाच तावातून उभ्या व आडव्या सारख्या पट्ट्या कापून एका टोकाशी धरल्यास आडव्या तंतूंची पट्टी अधिक लवते.

ताव व आकार : भारतीय बाजारात आंतरराष्ट्रीय ‘ए’ श्रेणीबरोबरच क्राऊन, डेमी इ. जुने आकारही प्रचलित आहेत. २० × ३० इंच (सु. ५१ × ७६ सेंमी.) तावातून १८ × २४ सेंमी. आकाराची १६ पृष्ठे, २३ × ३६ इंच (सु. ५८·५ × ९१·५ सेंमी.) तावातून १४ × २२ सेंमी. आकाराची ३२ पृष्ठे, तर २५ × ३६ इंच (सु. ६३·५ × ९१·५ सेंमी.) तावातून ए ४ आकाराची १६ पृष्ठे कडा कापण्यास पुरेशी जागा सोडून निघतात. आकार थोडासा मोठा धरल्यास तावाचा बराच भाग वाया जातो. म्हणून रूपरेखा आखण्यापूर्वी तावाचा हिशेब करणे हिताचे असते.

या हिशेबात तंतुदिशाही येते. १४ × २२ सेंमी. च्या मांडणीत पुस्तिकेचा कणा तावाच्या लांब बाजूस समांतर राहतो. म्हणून लांबीच्या दिशेने तंतू असलेला ताव लागतो. ए ४ च्या मांडणीत कणा तावाच्या आखूड बाजूस समांतर येतो. तेथे आखूड बाजूच्या दिशेने तंतू असलेलाच ताव हवा. अशा प्रकारे एका कामास योग्य असलेला कागद दुसऱ्यास अयोग्य ठरू शकतो. कागद मागविताना वजन व आकार यांच्याबरोबर तंतुदिशेचा उल्लेख न केल्यास विक्रेता उपलब्ध असेल तो ताव पाठवितो आणि चूक बांधणीच्या वेळी उघडकीस येते.

बांधणीचे प्रकार : (१) मधली टाच : घडी घातलेले ताव एकमेकांत घालून घडीच्या रेषेवर तारेच्या दोन वा तीन टाचण्या मारतात. छापखान्यात हिला सेंटर पिन असे म्हणतात. ही बांधणी सर्वांत स्वस्त व जलद असून पुस्तिका पूर्ण उघडते. पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. आतील ताव बाहेरील तावांच्या जाडीइतके पुढे सरकतात. ०·१ मिमी. जाडीच्या कागदाच्या ६४ पृष्ठांत, म्हणजे एकात एक घातलेल्या १६ तावांत, सर्वांत आतील ताव सु. १·५ मिमी. बाहेर येतो. कडा कापल्यावर मधली पाने तेवढी अरुंद होतात. त्यासाठी आतील पृष्ठांवरील मजकूर क्रमशः घडीकडे सरकवावा लागतो. साधारणतः ६४ पृष्ठांपलीकडे ही पद्धत टाळतात. कोकण किनाऱ्यासारख्या दमट प्रदेशात साध्या लोखंडी तारेस गंज चढून कागद डागाळतो व फाटतो. म्हणून जस्तलेपित तार वापरतात. या बांधणीस सपाट कणा नसल्याने फडताळात उभ्या ठेवलेल्या पुस्तिकेचे नाव दिसत नाही.

(२) बाजूची टाच : फर्मे एकावर एक ठेवून कण्यापासून थोड्या अंतरावर आरपार टाचण्या मारतात. ही बांधणी मजबूत असते. परंतु आतील समास बराच खर्ची पडतो व पुस्तिका सपाट उघडत नाही. पावतीपुस्तके व हिशेबी नमुने यांसाठी ती उपयुक्त आहे, सूचिपत्रांसाठी गैरसोयीची ठरते.

(३) चिकट बांधणी : फर्मे क्रमाने एकत्र करून कण्याकडील घड्या कापतात, कडा खरखरीत करतात व तीवर वितळलेला सरस लावून मुखपृष्ठ चिकटवितात. व्यवहारात ही पद्धत परफेक्ट बाइंडिंग या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये विल्यम हॅन्कॉक यांनी १८३६ मध्ये रबराच्या द्रावणाने सुटी पाने चिकटविण्याचे एकस्व घेतले होते. परंतु कालांतराने रबर ठिसूळ होऊन त्या काळातील अनेक सुंदर ग्रंथांची पाने सुटली. बांधणीचे आयुष्य सरसाच्या आयुष्याहून अधिक असू शकत नाही, हा त्यातून मिळालेला धडा आजही लागू आहे. सध्या एथिलीन व्हिनिल ॲसिटेट या बहुवारिकाचा सरस सर्वाधिक वापरतात, तो सु. १६०° ते १८०° से. तापमानास वितळवून लावतात. तो स्वस्त व तत्काळ घट्ट होणारा आहे, पण कडक उष्णतेत मऊ व थंडीत ठिसूळ होतो. लेपयुक्त कागदावर त्याची पकड कमी बसते, कारण लेपामुळे सरस तंतूंपर्यंत पोहोचत नाही. अशा कागदासाठी पॉलियुरेथेनचा सरस श्रेष्ठ ठरतो. तो हवेतील ओलाव्याशी रासायनिक विक्रिया होऊन पक्का होतो व पुन्हा वितळत नाही. त्याचा थर पातळ असल्याने पुस्तिका अधिक मोकळी उघडते. मात्र तो महाग असून पूर्ण पक्का होण्यास साधारणतः एक दिवस लागतो.

चिकट बांधणीस कण्याची जाडी किमान सु. ३ मिमी. लागते, म्हणजे ०·१ मिमी. कागदाची सु. ६० पृष्ठे हवीत. या सीमेवरील कामास मधली टाच व चिकट बांधणी हे दोन्ही मार्ग मोकळे असतात. कपाटात संदर्भासाठी ठेवावयाच्या पुस्तिकेस कणा हवा असल्याने चिकट बांधणी घ्यावी; उघडी ठेवून वाचावयाच्या पुस्तिकेस मधली टाच योग्य होय. चिकट बांधणीत कण्याजवळचा काही मिमी. भाग दृष्टीआड जातो. दोन समोरासमोरच्या पृष्ठांवर पसरलेले चित्र त्यामुळे केवळ विद्रूप होते. परंतु सुट्या भागांचा तक्ता तसा छापल्यास क्रमांकातील एखादा अंक लपतो आणि चुकीचा भाग मागविला जातो. म्हणून तक्ते एका पृष्ठातच बसवावेत व आतील समास मोठा ठेवावा.

(४) दोऱ्याची शिलाई : प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवून शेजारच्या फर्म्यास जोडतात. ग्रंथ शिवण्याच्या यंत्राचे एकस्व अमेरिकेतील डेव्हिड मकॉनेल स्मिथ यांनी १८६८ मध्ये घेतले. पानांचा आधार केवळ सरसावर नसल्याने ही बांधणी सर्वांत टिकाऊ असते व पुस्तक चांगले उघडते. खर्च अधिक असल्याने मोठी संदर्भसूचिपत्रे व दीर्घकाळ वापरावयाच्या यंत्रपुस्तिका यांपुरतीच ती वापरतात.

(५) वेटोळ्याची बांधणी : पानांच्या कडेस छिद्रे पाडून त्यांतून तारेचे वा प्लॅस्टिकचे वेटोळे ओवतात. पुस्तिका सपाट पसरते व मागे पूर्ण वळविता येते. म्हणून यंत्राजवळ वा दुकानाच्या मेजावर वापरावयाच्या पुस्तिकांस ती अतिशय सोयीची आहे. आतील समास किमान सु. १५ मिमी. ठेवावा लागतो. दोष असे की, कण्यावर नाव छापता येत नाही, ढीग रचताना वेटोळी एकमेकांत अडकतात व वारंवार ओढाताण झाल्यास छिद्रे फाटतात.

(६) सुटी पाने : मजकूर वरचेवर बदलत असल्यास पाने कड्यांच्या नस्तीत ठेवतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर ८० मिमी. असते. जुने पान काढून नवे घालता येत असल्याने पूर्ण सूचिपत्र पुन्हा छापावे लागत नाही. तथापि प्रत्येक पानावर सुधारणेचा दिनांक छापला नाही, तर जुनी व नवी पाने एकत्र होऊन गोंधळ उडतो.

मुखपृष्ठ : मुखपृष्ठाचा कागद आतील कागदाहून जाड असला, तरी तो घडीस वळेल इतकाच असावा. सु. १७० ग्रॅ. हून अधिक वजनाच्या कागदावर घडीपूर्वी दाब देऊन रेषा पाडतात. अन्यथा घडीवर तडे जाऊन छपाई उडते. वारंवार हाताळावयाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चढवितात. तो एकाच बाजूस असल्याने दुसरी बाजू ओलावा शोषते व मुखपृष्ठ वळते. तंतुदिशा कण्यास समांतर ठेवल्यास हा दोष कमी होतो. मधल्या टाचेच्या लहान पुस्तिकांस कित्येकदा आतील कागदाचेच मुखपृष्ठ देतात व त्यामुळे खर्चात बचत होते.

टिकाऊपणा : जर्मनीतील मोरिट्स फ्रीड्रिख इलिग यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राळ व तुरटी यांच्या प्रक्रियेमुळे कागदात आम्ल राहू लागले. अशा कागदाचे तंतू कालांतराने तुटून तो पिवळा व ठिसूळ होतो. कॅल्शियम कार्बोनेटयुक्त अल्कधर्मी कागद दीर्घकाळ टिकतो. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९७०६ हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. वार्षिक अहवाल व यंत्रपुस्तिका अभिलेख म्हणून जतन होत असल्याने त्यांच्यासाठी असा कागद निवडणे इष्ट होय.

अंकीय माध्यमांचा परिणाम : संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या सूचिपत्रांमुळे मोठ्या मुद्रित सूचिपत्रांची गरज घटली आहे. सिअर्सचे मोठे सूचिपत्र १९९३ मध्ये बंद झाले. १९५१ पासून निघणारे स्वीडनच्या आयकिया या संस्थेचे सूचिपत्र थांबविण्याची घोषणा २०२० मध्ये झाली. त्याच वेळी अंकीय मुद्रणयंत्रांमुळे शंभर-दोनशे प्रती छापणेही परवडू लागले. यांतील अनेक यंत्रांत शाईऐवजी रंगीत भुकटी उष्णतेने कागदावर चिकटवितात. ती पृष्ठभागावरच राहत असल्याने घडीवर सहज तडकते. तंतुदिशा व घडीची रेषा यांचे नियम म्हणून तेथे अधिकच काटेकोरपणे पाळावे लागतात.

कोरा नमुना : अंतिम निर्णयापूर्वी ठरविलेल्याच कागदाचा, त्याच पृष्ठसंख्येचा व त्याच बांधणीचा एक कोरा नमुना तयार करून घेतात. छापखान्यात यास डमी म्हणतात. त्यावरून कण्याची नेमकी जाडी, प्रतीचे वजन, पुस्तिका किती उघडते व आतील किती समास दृष्टीआड जातो हे प्रत्यक्ष मोजता येते. मुखपृष्ठाची मांडणीही त्या मोजमापांवरच करावी लागते. नमुना दुसऱ्या कागदाचा असल्यास ही सर्व मापे चुकतात. ग्राहक व मुद्रक या दोघांनी नमुन्यावर सही करून तो काम संपेपर्यंत जपून ठेवण्याची प्रथा आहे. एका कोऱ्या प्रतीस येणारा खर्च अल्प असतो. तीवर आढळलेला दोष त्याच दिवशी सुधारता येतो, तर छापील आवृत्तीत आढळलेला दोष सुधारण्यास सर्व काम पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नसते.